आडवं झाड

लोंढ्याच्या गाडीतून लधाभाई शिवगण पटेल
सावर्ड्याला उतरले, तेव्हा त्यांच्यापाशी होती
पितळी डब्यात गुळपापडी, मेहुण्याचा पत्ता,
आणि जन्मात पाहिलेली झाडं : चार.
नखत्राण्याच्या पलीकडे त्यांचं गाव.
तिथं झाडाला जात नसायची, मालक असायचा.
रामजीची बावळ. वेलबाईची बोर.

मेहुणा महिन्यापूर्वीच परत गेलेला.
पत्त्यावर एक वखार, वखारीत कायतान,
कायतानच्या तोंडात विडी
आणि पहिला शब्द : भायलो.

तेव्हा करवत दोघं ओढायचे,
एक ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात.
खालच्याच्या डोळ्यांत भुसा पडतो,
म्हणून खाली नेहमी परका.
सहा वर्षं लधाभाई खाली होते.
सातव्या वर्षी त्यांनी वखार घेतली,
खड्डा बुजवला, वर पट्ट्याची आरी बसवली.
तेव्हा मी कारकून लागलो.

एकतीस वर्षं त्यांची वही लिहिली :
लांबी, घेर, घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग.
मत्ती, जांभा, किंदळ, शिसव, फणस.
ते कापावर नख ओढायचे, थुंकी लावायचे,
नाक टेकवायचे आणि सांगायचे :
किंदळ. नेत्रावळीकडची. उतारावर वाढलेली.
कधी चुकले नाहीत.

मग एकदा रिवणच्या वाटेवर जीप बंद पडली.
मोठ्या झाडाखाली उभे होतो. मी सहज विचारलं,
शेठ, हे कसलं?
त्यांनी वर पाहिलं, पानांत, बराच वेळ.
म्हणाले, आडवं कर, मग सांगतो.
मी हसलो.
ते नाही हसले.

अठ्ठ्याहत्तरात कायतानची दोन बोटं आरीनं नेली.
आठ दिवस आरी बंद. नंतर कायतान गल्ल्यावर बसला,
तीन बोटांनी नोटा मोजायचा, माझ्याहून भराभर.
भायलो म्हणणं त्यानं सोडलं नाही.
फक्त तोंडात घासून घासून
त्याचं भाय झालं.

कच्छची जमीन हलली त्या जानेवारीत
लधाभाईंनी गावी पैसे पाठवले नाहीत.
बावन्न चौकटी पाठवल्या, जांभ्याच्या, दारांसकट.
तिकडच्यांनी त्या आधी मैदानात उभ्या केल्या म्हणे,
आणि भिंती मागाहून,
दारांना धरून.

आता ती गोष्ट, जी वहीत नाही.
चवथीच्या आदल्या आठवड्यात
मागच्या ढिगातल्या चारशे सतरा नंबरला पालवी फुटली.
सावर. खोक्यांचा माल, फारसा भाव नाही.
सावर्डे हे नाव त्याच झाडावरून, असं कोणी म्हणतं,
कोणी म्हणतं, छे.
लधाभाई काठी टेकत आले, वाकले.
लाकूड ओळखीचं होतं, वर्षानुवर्षांचं.
पान पहिल्यांदा भेटत होतं.
त्यांनी पाकळ्या मोजल्या, मोठ्यानं, गुजरातीत : पाच.
शेजारी कायताननं आपला हात धरला,
तीन.
दोघंही काही बोलले नाहीत.

मला वाटलं, आता हा ओंडका राहू देतील.
त्यांनी पान खुडलं, खिशात ठेवलं
आणि म्हणाले, घ्या आरीवर, मडगावची गाडी दुपारी आहे.

वखारीच्या जागी आज नातवाचं दुकान आहे,
लाकडासारखे दिसणारे पत्रे विकतो, मुलगा चांगला आहे.
जुन्या वह्या रद्दीत काढल्या तेव्हा मला बोलावलं.
एकीत पान सापडलं, तपकिरी, एक पाकळी तुटलेली.
समोरच्या ओळीत माझं अक्षर :
४१७. सावर. लांबी साडेनऊ. घेर चार-दोन.
आणि शेराच्या रकान्यात, जिथं मी कधी काही लिहीत नसे,
त्यांच्या शिसपेन्सिलीनं, वाकड्या देवनागरीत :
उभं असताना असं.