खुराजवळ

बिएरेत मावशी नळी फोडते
कुऱ्हाडीच्या पाठीनं, एका घावात.
मांडीची हाडं डावीकडे, नडगीची उजवीकडे.
कौतोकेनोत आज उणे अडतीस.
खिडकीच्या काचेला आतूनही बर्फ.

मांडीतला मगज ताटलीत पडताच थिजतो,
पांढरा, सुरीनं कापावा असा.
नडगीतला वाहतच राहतो.
त्यानं ती जोडे माखते, दाराच्या बिजागऱ्यासुद्धा.
"रेनडिअर रात्रभर बर्फात उभं असतं," म्हणते,
"पायच थिजले तर सकाळी चालेल कसं?"
एवढंच. तिला कुणी शिकवलं नाही.

मला शिकवलं. ट्रोम्सोला, सहा वर्षं.
पेशीची भिंत ही भिंत नसतेच.
नुसते रेणू, दोन थरांत दाटीनं उभे.
डोकी पाण्याकडे,
शेपट्या पाण्यापासून तोंड लपवून आत,
आणि कुणाचाच हात कुणाच्या हातात नाही.
पाणी दोन्हीकडून लोटतं, म्हणून एकत्र.
पापणी लवेपर्यंत
लाखो वेळा शेजारी बदलून होतात.
एवढ्याशा भरवशावर
आपण आत असतो आणि बाकी सगळं बाहेर.

नाकासमोर चालणाऱ्या सरळ शेपट्या
एकमेकींना खेटून बसतात.
गारठा वाढला की त्यांची चळत होते,
मग हलता हलत नाही.
म्हणून खुराकडे उतरता उतरता
जनावर त्यांच्यात वाकड्या मिसळत जातं.
मध्येच गुडघ्यात दुमडलेली एखादी:
तिच्यापायी रांग बिघडते,
फट राहते,
आणि पाय उचलतो.

हे मी मावशीला सांगितलं
टेबलावर आगपेटीतल्या काड्या मांडून.
तिनं सगळ्या गोळा केल्या, मुठीत आवळल्या.
एक काढून मधोमध मोडली, तुटणार नाही इतकीच,
आणि परत जुडीत खुपसली.
जुडी मुठीत मावेना.
"हा आमचा योव्ना," म्हणाली.

कळपातला आपला वाटा विकून
तेलाच्या फलाटावर गेलेला माझा मामा.
अकरा हिवाळे हे नाव
या घरात कुणी घेतलं नव्हतं.

मी काही बोलले नाही.
तीही नाही. कॉफी उतू गेली, तिनं पुसली.

निघताना पिशवी जड लागली.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली नडगी, न फोडलेली.
माझ्या खोलीवर कुऱ्हाड नाही,
हे तिला माहीत आहे.
मामाचा पत्ता माझ्याकडे आहे,
हेही असावं.