पूस त्याला

लेथवर सव्वीस वर्षं काढली.
जे जे फिरतं ते आपल्याला कळतं,
असा माझा समज होता.

मग शाहूपुरीतल्या हॉलमध्ये
एक पांढरा चेंडू, तोळ्याच्या पावभर वजनाचा,
टेबलावर टेकला, डावीकडे वळला
आणि माझी बॅट उजवीकडे
वारा घालत राहिली.
पलीकडे संयोगिता. इयत्ता सातवी.
हसली नाही, एवढी शिस्त होती.
“अकरा-दोन, काका.”

हिंदुराव सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर,
एक गुडघा कायमचा आखडलेला.
“मारालास कशाला? पूस त्याला.
चष्म्यावरची वाफ पुसतोस तसं.
कोण येऊन गेलं
चेंडूला कळलंबी न्हाई पायजे.”

भंगारातून सायकलची तार घेतली,
दोन बुश टर्न केले,
तारेत चेंडू ओवला, त्यावर निळ्या शाईची रेघ.
रात्री मोरीपाशी उभा राहून पुसायचो.
रेघ दिसली तर चुकलं.
रेघ विरून चेंडू सगळाच निळसर झाला
तर एक सुपारीचं खांड, मलाच बक्षीस.
बायको म्हणाली, “भांडी पण आहेत पुसायला.”

हात जमला. तर सर म्हणाले,
“हात तुझा कारागीर हाय,
पाय मात्र सरकारी हापिसात.”

मग उद्यमनगरात, डब्याच्या सुट्टीत,
चार नंबर आणि पाच नंबर मशीनच्या मधे
खडूच्या दोन रेघा.
या रेघेवरून त्या रेघेवर, आडवा, खेकड्यासारखा,
गुडघे वाकलेले, टाच उचललेली.
दस्तगीर चाचा भाकरी मोडता मोडता मोजायचे
आणि बत्तीसनंतर मुद्दाम पुन्हा एकोणतीस म्हणायचे.
टाच टेकली की गडी गेला,
वडील तालमीतून येऊन सांगायचे.
ते कुस्तीबद्दल बोलतायत असं वाटून
मी तेव्हा नीट ऐकलं नव्हतं.

राहिला वेग.
सर दोन्ही मुठींत एकेक रुपया धरायचे.
कुठली मूठ उघडेल, सांगायचे नाहीत.
खाली पडायच्या आत झेलायचा.
अकरा दिवस हॉलमध्ये नुसता खणखणाट,
देवळातल्या दानपेटीसारखा.
बाराव्या दिवशी मी मुठींकडे बघणं सोडलं.
“सर, मूठ नंतर उघडते,
खांदा आधी ढिला पडतोय तुमचा.”
झेललेला रुपया त्यांनी परत मागितला नाही.

काल पुन्हा संयोगिता. अकरा-सात.
हरलोच.
पण पाच-चार असताना एक सर्व्हिस अशी पुसली गेली
की चेंडू तिच्या बाजूला पडला,
क्षणभर थांबला, विचार केल्यासारखा,
आणि जाळीवरून परत माझ्याकडे आला.
ती जागेवर खिळलेली.
“ओ काका,” म्हणाली, “हे परत करा की.”
परत जमलं नाही.

आज सकाळी चक फिरवला.
पहिला तुकडा सुटला, निळा, वेटोळं घेत.
चाचांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं.
खाली बघितलं तर
दोन्ही टाचा
जमिनीपासून बोटभर वर.