सतरा नोव्हेंबरचं कार्ड

एव्हलेथच्या रेडिओवर सकाळी सात-दहाला
ऑरिन हौताला दिनविशेष वाचायचा,
बुटांच्या खोक्यातून एकेक कार्ड काढून:
आजच्या दिवशी कुणाची तबकडी पहिल्या नंबरावर चढली,
कुणाचा बँड पैशांवरून फुटला,
कुणाचा ड्रमर गाडी चुकला आणि म्हणून वाचला.
लोखंडाच्या खाणीवर पहिल्या पाळीला निघालेली माणसं
डबा भरता भरता ऐकायची,
"असं होय," म्हणून दार ओढून घ्यायची.

तो गेला. खोकं माझ्याकडे आलं.

आजच्या कार्डावर टाइप केलेल्या पाच ओळी,
कॉफीचा एक गोल डाग.
वाचता वाचता कार्ड उलटलं, आणि मला थांबता आलं नाही.
मागं पेन्सिलीनं लिहिलेलं:

१९७४. युनियन हॉल.
टोइवोच्या अकॉर्डियनचा पट्टा तुटला.
तो जमिनीवर मांडी घालून वाजवत राहिला,
लोक त्याला वळसा घालून नाचले.

१९८१. लेम्पीनं लाल कोट चढवला.
तबकडी संपली होती.
सुई शेवटच्या खाचेत, खर्र, खर्र.
मी उचलली नाही.

तिचं नाव तेवढं गाळलं मी.

अठ्ठावीस वर्षं हेच कार्ड,
आणि दर वर्षी त्याची एकच बाजू.

फोन वाजला. वयस्कर बाई.
"टोइवो नव्हे हो, त्याचा भाऊ आर्वो.
आणि पट्टा कसला, खुर्ची मोडली होती."
मी खोडरबर शोधू लागलो.

"कोटही लाल नव्हता," त्या म्हणाल्या.
"विटकरी."

मग फोनवर नुसतीच खरखर.
पुढचं गाणं लावायला
उशीर झाला, बराच.