सेकंदाले सतराशे

सीताबर्डीच्या एजंटानं विचारलं, जायचं कारण?
म्हटलं, बसायचं आहे.
कशात?
मी बोट वर केलं. तो छताकडे बघत राहिला,
पंख्याकडे. मग त्यानं फॉर्मवर 'पर्यटन' लिहिलं.

एकतीस वर्षं मी पाळणा फिरवतो.
आदासा, अंबाळा, काटोल, नरखेड,
थंडीत रेशीमबाग.
डिझेलचं इंजिन, बारा पाळणे, आणि एक लोखंडी दांडा,
त्याची मूठ माझ्या तळव्यानं झिजवली.
बोल्ट मी कानानं तपासतो.
ढिला असला की चिमणीसारखा बोलतो,
घट्ट असला की गप्प.
लोकांचं ओरडणंही ओळखतो:
मजेचं, भीतीचं,
आणि नवी नवरी ओरडते ते,
नवऱ्याचा हात धरायला.
माझं स्वतःचं तेवढं कधी ऐकलं नव्हतं.
दांडा धरणारा खालीच उभा असतो.

शकुननं लाइटबिलाच्या मागे हिशोब मांडला:
"दोन लाख चार हजार. आन् चालते किती? दोन मिन्टं.
म्हंजे सेकंदाले सतराशे.
सतराशेत कूलर दुरुस्त होते बाप्पा, गवतासकट."
मग तिनंच एफडी मोडली
आणि बॅगेत चिवडा कोंबला,
वरती भूक लागली तं म्हणून.

तिथला उकाडा
आपल्या मे महिन्याच्या चुलतभावासारखा भेटला,
ओळखीचा, जरा जास्त श्रीमंत.
जगातला सगळ्यात उंच, असं फलकावर सात भाषांत.
आठवी मी मनात लिहिली.
रांगेत पोरंच पोरं.
दारावरच्यानं माझ्या पांढऱ्या मिशीकडे बघून
बीपी विचारलं. मी खोटं बोललो.
छातीवर आडवा आलेला कठडा
दोनदा हलवून पाहिला. सवय.

चढताना साखळी वाजली नाही.
भीती वाटली ती तिथं.
मशीन बोलतच नसेल
तर तिला काय दुखतंय, कळावं कसं?

वर एक क्षण थांबलं.
हा क्षण माझ्या ओळखीचा,
मीच तर देतो तो लोकांना, दांडा अर्धा ओढून.
खाली वाळू, समुद्राची एक पट्टी,
आणि झिरो माइलचे घोडे कुठल्या बाजूला असतील
याचा मी अंदाज घेत होतो, तेवढ्यात

खालची जमीन कुणीतरी काढून घेतली.
पोट मागे राहिलं, मी पुढे गेलो,
आणि तोंडातून निघालं ते
देवा नव्हतं, आई गं नव्हतं.
घेऊन जाय गे मारबत!
रोगराई घेऊन जाय,
गुडघ्यातलं पाणी, बँकेचा हप्ता,
काटोलला उसवलेला तो एक पाळणा,
त्या पोरीचा मोडलेला हात
आणि तिच्या बापानं मला काहीच न बोलणं,
घेऊन जाय गे मारबत!
शेजारचा सुदानी मुलगा
अर्थ न विचारता तेच ओरडू लागला.

बाहेर फोटो विकत होते.
दीड सेकंदाच्या किमतीत घेतला एक.
सगळ्यांचे हात हवेत.
माझा उजवा खाली, मूठ वळलेली,
नसलेला दांडा मागे खेचत.

सोनेगावला उतरलो तर नातवानं मोबाइल दाखवला:
आबा, याच्याहून उंच बांधायला घेतला कुठंतरी.
बांधू दे.

फोटो आता तिकिटाच्या पेटीवर चिकटवलाय.
कुणी विचारतं, काका, भ्याले होते काय?
हाव म्हणतो.

परवा रेशीमबागेत शेवटच्या फेरीला
शकुन येऊन बसली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
तिला वर नेलं, थांबवलं.
बोल्ट गप्प होते.
खालून विचारलं, किती सेकंद ठेवू?
"मोजू नका," ती वरून ओरडली,
"उभे राहा ना तिथंच."