शेऱ्याचा रकाना

कंपनीने वही दिलीय, दोनशे पानी,
पुठ्ठ्यावर शिक्का : तांबळवाडी, घर सतरा.
महिन्याला सहाशे रुपये आणि एक बॉलपेन.
तारीख, वेळ, हादरा. सौम्य, मध्यम की तीव्र,
लागू असेल त्यावर खूण.
शेवटी एक अरुंद रकाना : शेरा.
त्यात एकच शब्द मावतो, तोही मोडून.

पहिल्या भोंग्याला मी गॅस बारीक करते.
दुसऱ्याला फळीवरच्या बरण्या खाली घेते,
आगळाची आधी.
तिसऱ्याला काही करायचं उरत नाही.
डोंगर आतल्या आत खाकरतो,
कौलांतून माती चाळल्यासारखी गळते
पिठीच्या टोपावर झाकण असतानाही.
मध्यम.

चुलीमागच्या भिंतीत भेग आहे.
जुनीच आहे, असं साहेबांचं मत,
बोगद्याआधीची, कदाचित माझ्याही आधीची.
तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली,
मार्करने तारीख घातली.
काच तडकली तर घर हललं.
नाही तडकली
तर मी हलले असेन.

पलीकडे हलीमा मुकादमांची पट्टी तडकली.
पंचनामा झाला, तीन सह्या, एक अंगठा.
गडग्यावरून त्यांनी मला हसत सांगितलं,
आणि हसता हसता तिथेच खाली बसल्या.
आमचे हे त्या रात्री काचेपुढे उभे राहिले
अंगठा लावून, बराच वेळ.
दाबला नाही.
का नाही, ते त्यांनी सांगितलं नाही
आणि मीही विचारलं नाही.

विहीर आधी दुधाळ झाली.
मग सात पायऱ्या खाली गेली.
मग एका सकाळी कळशी दगडावर वाजली
आणि तो आवाज मी तसाच दोरीने वर ओढला.
वहीत त्याला जागा नाही.
विहीर फुटली नाही, हादरलीही नाही,
नुसती निघून गेली.

मंगळवारी टँकर येतो.
त्या पाण्यात डाळ शिजत नाही,
आठ शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली कणी.

सुबल ड्रिलवर असतो, ओडिशातल्या कुठल्या गावचा,
रविवारी अंडी न्यायला येतो.
कान गेलेत थोडे, म्हणून मोठ्याने बोलतो.
म्हणाला, ताई, आतमध्ये गार असतं एकदम,
छतातून पाणी ठिबकतं, भिंतीतून धार,
गुडघाभर होतं, पंप लावून व्हाळात सोडतो आम्ही.
मी तोंड लावून प्यायलो.
गोड आहे.

गोड आहे
हे तो मला सांगत होता.

मी त्याला तेलाचा रिकामा कॅन दिला,
पाच लिटरचा, राखेने घासून.
पुढच्या रविवारी भरून घेऊन आला,
हेल्मेट काखेत, कॅन खांद्यावर,
देवाचं काही आणावं तसा.
त्या पाण्यात डाळ पहिल्या उकळीला फुटली.
आम्ही दोघं जेवलो, कुणी काही बोललं नाही.
ह्यांनी वाटी पुन्हा पुढे केली.

एप्रिलमध्ये दोन्ही तोंडं एकमेकांना भेटली.
खाली फटाके लावले म्हणे, पेढे वाटले.
आम्हाला फटाकेच वाटले नाहीत ते,
इतके बारीक.
दुसऱ्या दिवशी साडेतीनला भोंगा झाला नाही.
माझा हात तरी गॅसवर गेलाच.
बरण्या खाली घेतल्या.
आगळाची आधी.

सुबल कर्नाटकात गेला, दुसऱ्या कुठल्या डोंगरात.
कॅन मागीलदारी पालथा आहे.
काच शाबूत आहे, तारीख पुसट झालीय.

शेवटी नव्या साहेबांनी पानापानाचे फोटो काढले,
मोबाईल जरा तिरका धरून.
मी खांद्यावरून पाहिलं,
शेऱ्याचा रकाना कडेला कापला जात होता,
जिथे महिनाभर मी रोज
एकच शब्द मोडून लिहिला होता,
पा
णी.

वही त्यांनी नेली.
बॉलपेन मी मागूनही दिलं नाही.