खाली कोपऱ्यात नाव

हाताला थरथर यायच्या आधी
गंगावेशीपासून तोरस्कर चौकापर्यंत
अर्ध्या भिंती आण्णांच्या होत्या.
म्हणजे भिंती लोकांच्याच, अक्षरं ह्यांची.
चुना, नीळ, सरस,
आणि खाली उजव्या कोपऱ्यात
बोटाएवढं : तिवले आर्ट्स.

मी राजारामपुरीत बसते, सहाव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर.
भिंत नाही. रकाने आहेत.
वय अठरा ते पंचवीस. पेठ कुठली.
कुस्ती बघतो का, कर्ज शोधतो का,
रात्री दोनला जागा असतो का.
या महापालिकेला एकाच उमेदवाराचे
मी एकेचाळीस चेहरे केले.
पगार वेळेवर होतो.
आण्णांच्या डोळ्यांतले थेंब त्यातूनच येतात.

परवा जेवणं झाल्यावर दस्तगीरचाचा कट्ट्यावर आले.
दोघांनी मोबाईल शेजारी शेजारी ठेवले,
एकच चष्मा आळीपाळीनं लावून वाचलं.
चाचांच्या फोनवर :
तुमच्या गल्लीला कुणाला हात लावू देणार नाही.
आण्णांच्या फोनवर, तोच माणूस, तोच कुर्ता :
त्यांची गल्ली वाढत चाललीय, जागे व्हा.

गल्ली एकच.
नळकोंडाळं एकच.
चाचा आधी हसले. मग ते हसू तसंच राहिलं तोंडावर,
उतरवायचं विसरल्यासारखं.

"हे कुणी काढलं?" आण्णांनी विचारलं,
चित्राला विचारतात तसं.
मी म्हणाले, सिस्टीम.
"सिस्टीम डावरी हाय का उजवी?"

चाचा म्हणाले, बंदच करायला पाहिजे हे सगळं.
मला वाटलं आण्णा मान हलवतील.
पण त्यांना शेवंता आवळे आठवली,
कपिलतीर्थात कोथिंबीर विकणारी, अपक्ष.
तिला एक भिंत मिळाली नव्हती गेल्या वेळी.
सगळ्या दोघांनी वाटून घेतलेल्या,
आणि रंगवल्या होत्या आण्णांनीच.
तिनं सहाशे रुपये घालून
तुंबलेल्या गटारीचा व्हिडिओ फोनवर फिरवला
आणि दोनशे तेरा मतं घेतली.

"तिचं तोंड कशाला बांधायचं?
बंद नगं. भिंत पायजे.
मला दावलं ते ह्यालाबी दिसाय पायजे.
आन खाली कोपऱ्यात नाव.
कुणी काढलं, कुणी पैसं दिलं, किती."

नाव असतंय की आण्णा, नियम आहे.
बघा, बारीक अक्षरात : करवीर विकास मित्र.
"ह्यो मित्र कुठं ऱ्हातो?"
कुठंच नाही.
एक ई-मेल आहे. पासवर्ड माझ्याकडं असतो.

हे बोलल्यावर चाचा उठले.
फोन खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला.
उद्या पेरू पाठवतो म्हणाले.

आण्णांच्या वेळी प्रचार संपला
की पाचच्या ठोक्याला ब्रश रॉकेलमध्ये.
भगवा सुटायचा, निळा, हिरवा,
शेवटी डब्यात सगळा एकच मातकट.
माझ्याकडं पाच वाजत नाहीत.

घाटाकडं उतरताना एका बोळात
त्यांचं एक काम अजून आहे.
चोवीस तास पाणी. पाण्याचा प गळून पडलाय.
उमेदवार केव्हाच वारला.
बायका रिकामी घागर घेऊन जाताना वर बघतात
आणि एक अस्सल कोल्हापुरी शिवी हासडतात.
मी गेल्या मंगळवारी लिहिलेलं
आज मलाच सापडत नाही.
शिवी द्यायला तरी भिंत पाहिजे.

काल रात्री एकेचाळिसावा चेहरा उघडला.
खाली उजव्या कोपऱ्यात
बोटाएवढं लिहिलं : स्वरूपा तिवले.
बरं दिसत होतं. अक्षर आण्णांचं नव्हतं, पण बरं होतं.

स्क्रीनवर लाल चौकट आली :
ही जागा बटणासाठी राखीव आहे.