नाकाचं वजन

किराण्याच्या काट्यावर आधी पंख ठेवले, मग धड:
नऊशे ऐंशी ग्राम.
नत्थूभाऊ बोरकुटे, मोटार वाइंडिंगवाले,
बोटांना वार्निश, म्हणाले,
"आता याले इंजिन कोणतं?"

नागपूरहून दोन आणली होती, परतीच्या बोलीवर.
एक सेहेचाळीस नंबरचं, एरंडेल पिणारं,
सुरू केलं की आळी खोकते,
कुत्री नाल्यापार.
दुसरी मोटार, मुठीत मावेल एवढी,
बॅटरीवर सात मिनिटं.

मला सेहेचाळीस हवं होतं.
आवाजासाठी. खरं सांगतो,
फक्त आवाजासाठी.

नत्थूभाऊंनी ते नाकाला बांधलं,
पंखांखाली दोन बोटं धरली.
टाक्यावर पाणी प्यायला आलेल्या गोऱ्ह्यासारखी
त्यानं मान खाली घातली.
"इमान हाये बावा, ट्रॅक्टर नाई.
अन् मे महिन्याची हवा पातळ,
पंखा चावन कायले?"

पहाटे साडेपाचला,
हवा अजून जड होती तेव्हा,
वखरलेल्या वावरावरून ते उठलं.
भुंग्याएवढी भुणभुण, बस.

आणि धुऱ्यावर नत्थूभाऊ,
मान वर, गाल फुगवून,
तोंडानं काढत होते
सेहेचाळीसचा आवाज.